निळे डाग

शर्लिनने फळीवरचा डबा काढायला हात वर केले, कुर्ता सरकला, आणि तेरेसाला सुनेच्या पोटावरचे डाग दिसले. काही निळे, काही जुने, पिवळे पडलेले. गिरीज गावातल्या आपल्या वाडीतली केळी घेऊन ती सकाळीच विरारला मुलाच्या फ्लॅटवर आली होती. चहा अजून हातातच होता.

असे डाग तिला कुणी समजावून सांगायला नको होते. तिचा नवरा पास्कल असाच मारायचा. कपड्यांच्या आत, चर्चमध्ये मिस्साला गेल्यावर कुणाला दिसणार नाही अशा जागी. तो वारला तेव्हा गावातल्या बायका रडल्या, ही नुसती बसून राहिली. मुलगा जोएल तरी तसा निघू नये, एवढं एकच मागणं तिने जन्मभर देवाकडे मागितलं होतं.

"हे जोएलने केलं?"

शर्लिनने घाईघाईने कुर्ता खाली ओढला. "हो, पण आय..."

'पण'च्या पुढचं तेरेसाने ऐकलंच नाही. ते तिला पाठ होतं. पण शुद्धीवर असला की चांगला वागतो, पण पगार घरी आणतो. वर्षानुवर्षं तिने स्वतः लोकांना तेच ऐकवलं होतं. तीनदा पोरीला दिवस गेले, तीनदा पोट पडलं. त्याचा राग हा मेला असा काढतो काय!

"बॅग भर," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता गिरीजला चल. सून म्हणून नको, माझी लेक म्हणून राहा."

तेवढ्यात दार उघडलं. जोएलने आत पाऊल टाकलं आणि त्याच्या गालावर फाडकन बसली.

"शेवटी बापावरच गेलास!"

त्याच्या हातातली मेडिकलची पिशवी पडली. इंजेक्शनं फरशीवर घरंगळली. शर्लिन धावली आणि एकेक उचलून उजेडात धरून बघू लागली, एखादं फुटलं तर नाही ना.

"माझी आहेत ही, आय. माझ्या रक्ताच्या गुठळ्या होतात, बाळाला रक्त पोचत नाही. म्हणून ते पातळ ठेवायला रोज पोटात सुई घ्यावी लागते. जोएलच टोचतो. त्याचेच डाग आहेत." बोलता बोलता तिला हसू फुटलं. "पाचवा लागलाय. बाळ हलल्याशिवाय कुणाला सांगायचं नाही असं ठरवलं होतं आम्ही. कालपासून हलतंय."

जोएल गाल चोळत उभा होता. बापासारखीच रुंद बोटं. तेरेसाला त्याच्याकडे बघवेना. सुनेचा हात धरून ती कशीबशी म्हणाली, "रोज टोचायचं म्हणजे... किती दुखत असेल गं पोरी."

"मला सवय झाली, आय," शर्लिन म्हणाली. "टोचून झालं की रोज तोच रडतो."