चौघांचे चार थेंब

"बाबा, बोट पुढे करा. आणि डोळे मिटू नका, शोभत नाही तुम्हाला," लेक म्हणाली.

मास्तरांनी हात मागे घेतला. कपडे शिवण्यात जन्म गेलेला, सुईशी संसार केलेला माणूस. बोटांची पार चाळण झालेली. पण आजची सुई त्यांना नको होती.

लेक रक्त तपासायचं शिकत होती. परीक्षा तोंडावर आली होती, आणि सरावाला घरच्यांइतकं फुकटचं गिऱ्हाईक दुसरं कुठलं मिळणार? टेबलावर तिने काचपट्ट्या, कापूस, स्पिरिट, आणि एक निळ्या, एक पिवळ्या औषधाची बाटली अशी जय्यत तयारी मांडली होती. वर्गात सगळ्यांनी आपापले रक्तगट कधीच पाहिले होते. हिने मात्र आपला घरच्यांसोबत बघायचा म्हणून राखून ठेवला होता.

"गिऱ्हाइकाच्या कोटावर इस्त्री राहिलीये, आलोच," म्हणत मास्तर आत सटकले. मागोमाग बायको आली. आजी, म्हणजे मास्तरांची आई, तिथे मटार सोलत बसली होती.

"आता हो काय करायचं?" बायको कुजबुजली. "तुमचा ओ, माझाही ओ. दोघांचीही ऑपरेशनं झाली तेव्हाच कळलंय. आणि ओ आईबापांचं मूल ओच असतं, हे आपले गट ऐकून तिनेच काल जेवताना सांगितलं. तिचा दुसरा निघाला म्हणजे?"

तिचा कुठला निघेल, देव जाणे. मुठीएवढी होती तेव्हा त्यांनी तिला अनाथालयातून घरी आणलं होतं. पहिल्या रात्री कोणी झोपलं नव्हतं, तिच्या रडण्याने नव्हे, आनंदाने. तिला सांगायचं म्हणून कितीदा तरी ठरलं आणि कितीदा तरी बारगळलं. आता तिला ते दोन थेंबांत कळणार होतं. ती आपल्याकडे परक्यासारखी बघेल, हीच मास्तरांना भीती होती.

"सांगून टाका की," आजी मान वर न करता म्हणाली. "बाटलीकडून कळण्यापेक्षा तुमच्या तोंडून कळू दे."

"आणि तिला काय वाटेल?"

"वाटेल थोडे दिवस. मग भूक लागेल, येईल जेवायला."

"तुला थट्टा सुचतेय, आई!" मास्तर वैतागले. "ज्याच्या जिवाला घोर असतो ना, त्यालाच कळतं. तुला नाही कळायचं ते."

आजीने एक किडकी शेंग बाजूला टाकली.

"बाबा! कोट काही पळून जात नाही!" बाहेरून हाक आली.

मास्तर मनाचा हिय्या करून बाहेर आले. "बाळा, तुला एक सांगायचं होतं..."

"नंतर सांगा. माझंच करते आधी, म्हणजे तुमची भीती जाईल." तिने स्वतःच्या बोटाला सुई टोचलीसुद्धा. "हे बघा. निळ्यात रक्त फुटलं, नासलेल्या दुधासारखं, तर ए गट. पिवळ्यात फुटलं तर बी. दोन्हींत फुटलं तर एबी. कुठेच नाही, तर ओ."

मास्तर श्वास रोखून काचपट्टीकडे बघत राहिले. निळ्यात काही झालं नाही. पिवळ्यातही नाही.

"ओ! मी ओ!" लेक ओरडली. "तुमचीच ना शेवटी!"

बायकोने पदराने डोळे टिपले आणि कांदा चिरल्याचं सांगितलं. कांदा घरात नव्हता. मास्तरांनी तर बोटच काय, अख्खा हात पुढे केला. त्यांचा ओ, बायकोचा ओ. "चहा टाका, जरा जास्त साखरेचा!" त्यांनी फर्मान सोडलं. इतकं हलकं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

आजीही हात पुसत येऊन बसली. लेकीने तिचं सुरकुतलेलं बोट हलकेच दाबलं. "आजी, हृदयातून निघालेलं रक्त मिनिटाभरात अंगभर फिरून परत येतं, माहितीये?"

"नशीबवान आहे. मला जिना चढायला त्याहून जास्त लागतं."

सगळे हसले. लेक पट्टी हलवत होती. निळ्यात रक्त फुटलं. मग पिवळ्यातही फुटलं.

"एबी," ती म्हणाली आणि तिच्या कपाळाला आठी पडली. "असं कसं? एबी आईला ओ मूल होत नाही. बाबा तर ओ आहेत."

"म्हणजे तू नापास!" मास्तर खदखदून हसले.

"थांबा, परत करते. माझंच काहीतरी चुकलं."

"राहू दे गं, तुझं काही चुकलं नाही," आजी म्हणाली. मग तिने कापूस धरलेला हात तसाच मास्तरांच्या हातावर ठेवला. "सांगेन सांगेन म्हणता तुला सांगायचं राहूनच गेलं रे."