चाळीस पावलं

"एका शिफ्टमध्ये सतरा वेळा मागं वळून पाहिलंस, मावशी. कोण येणार होतं?"

शेंद्र्याच्या कारखान्यातला सुरक्षा अधिकारी ऋतुराज पडद्यावरची नजर न काढता विचारत होता. पडद्यावर कस्तुराबाई हातात झाडू घेऊन चालत होती, थांबत होती, वळत होती. तिच्या डोक्याभोवती लाल चौकट होती आणि चौकटीवर आकडा : ८१.

"कुणी नाय, साहेब. सवय हाय. सारा जल्म मेंढरांच्या पुढं चालण्यात गेला. मागं नाय बघितलं तर कोकरू राहतंय."

"इथं कोकरं नाहीत. चोर असंच मागं बघतात. मशीनला एवढंच कळतं."

"पर म्या चोरलं काय?"

"अजून काही नाही. चोरशील, असं म्हणतंय ते." तो हसला. "संशयाचा आकडा ऐंशीच्या वर, आज तिसरा दिवस. पास जमा करायचा, नाव पोलिसांकडं. मग क्रांती चौकातला कॅमेरासुद्धा तुला ओळखेल."

कस्तुराबाईनं गळ्यातला पास मुठीत घट्ट धरला. हा पगार नसता तर घरची मेंढरं केव्हाच बाजारात गेली असती.

"चल, एक चान्स देतो. गेटपासून समोरच्या कॅमेऱ्याच्या खांबापर्यंत चाळीस पावलं. मान वळली की खेळ खतम."

गेटबाहेर तिचा नवरा त्रिंबक मेंढरं घेऊन तिची वाट पाहत उभा होता. तिनं त्याच्याकडंही पाहिलं नाही. रस्त्याच्या कडेनं ती चालू लागली. खांबावरच्या भोंग्यातून ऋतुराज पावलं मोजत होता.

"वीस... एकवीस..."

मागं एक कोकरू ओरडलं. तिचे खांदे आखडले. पाय थांबले नाहीत.

"शाब्बास. तीस."

मग कंटेनरचा लांबलचक हॉर्न. करकचून दाबलेला ब्रेक. मेंढरं उधळली, त्यांच्या खुरांचा आवाज तिच्या दोन्ही बाजूंनी पुढं निघून गेला. मेंढरं उधळली की त्रिंबक जी आरोळी ठोकायचा, ती मात्र आली नाही.

भोंग्यातून खुर्ची मागं सरकल्याचा आवाज आला.

"एकतीस," मग ऋतुराज म्हणाला.

कस्तुराबाई चालत राहिली. खांबावरचा दिवा हिरवा झाला.

"चाळीस! आकडा बारावर आला बघ. जमलं की, मावशी."

तिनं खांबाला हात टेकला. मान अजून समोरच होती.

"साहेब," तिनं विचारलं, "आता मागं बघू का?"