स्पारमधलं भोक

"थांब, थांब! ठोकळा हलला तुझा." इंद्रजीतनं रिवेट गन बंद केली.

तनुजानं नवऱ्यासोबत बांधत असलेल्या विमानाच्या पंखाच्या फासळ्यांमधून हात बाहेर काढला. एका बाजूनं गन पत्रे जोडणारा रिवेट ठोकते, तेव्हा पलीकडून कुणाला तरी पोलादी ठोकळा दाबून धरावा लागतो. तिचा हात बारीक, म्हणून ते काम तिचं. ठोकळा हलला नव्हता. पण रिवेट कलला होता, हे खरं.

"राहू द्या ना. एवढा चालतो. काढायला गेलं की भोक बिघडतं, तुम्हीच म्हणता."

"दुसरीकडं चालतो. स्पारमधी नाय."

स्पार म्हणजे पंखाचा कणा. विमानाचं सगळं वजन तोच पेलणार. शेंद्र्याजवळच्या या भाड्याच्या शेडमध्ये, लेकीच्या, प्रेरणाच्या, जन्माआधीपासून, त्यांनी तो जुन्या गोधडीवर ठेवून जपला होता. अंगठी घासेल म्हणून तनुजा हातातली अंगठी काढून मगच त्याला हात लावायची.

इंद्रजीतनं रिवेटच्या डोक्यावर ड्रिल टेकवलं. टोक सरकलं. रिवेट निघाला, पण भोक अंड्यासारखं लांबट झालं. मग त्यात एक जाड रिवेट. तोही वाकला. पुन्हा ड्रिल. या वेळी भोक पार काठाला जाऊन भिडलं आणि काठावर केसाएवढी चीर उमटली.

त्यानं बोटानं चीर चाचपली. पुन्हा चाचपली. मग ड्रिल खाली ठेवलं.

शेडच्या छताच्या कैचीला बांधलेल्या झोळीत प्रेरणा रडायला लागली. गनच्या खडखडाटात ती निवांत झोपायची, सगळं गप्प झालं की दचकून उठायची. तनुजानं तिला छातीशी घेतलं आणि खोक्यावर बसली. लेकीच्या डोक्यावरून तिला दिसत होतं, इंद्रजीत दोन्ही तळव्यांत एमसील मळत होता. त्यानं ते भोकात दाबलं, अंगठ्यानं गुळगुळीत केलं आणि हिरव्या रंगात ब्रश बुडवला.

"हे काय करताय?"

"बुजवतोय."

"अहो, स्पार आहे तो."

"मला नको शिकवू तनू. वाळूजच्या कंपनीत दिवसभर पोलादी डाय घासतो मी. लोखंड-पत्रा मला म्हाईत नाय व्हय?"

"म्हाईत आहे म्हणूनच तर विचारते."

ब्रश थांबला. रंगाचा थेंब त्याच्या चपलेवर पडला.

"मग काय करू? सगळा पंख पुन्हा उसवू? पुन्हा पहिल्यापासून?" त्यानं बुजवलेल्या भोकावर रंग फासला. "कंपनीत रोज विचारतात, काय इंद्राभाऊ, कोंबडी उडाली का? बाप असून आप्पा परवा जेवताना म्हणले, शेड उडाली तर सांग, बघायला येतो. माझ्यानं नाय होणार आता. एकदा उडू दे. एकदाच."

"आणि ती चीर?"

"वरून पत्रा बसला की कुणाला दिसतीय?"

"हवेत गेल्यावर?"

"पहिल्यांदा मी एकटाच जाणार आहे," तो म्हणाला. "तुला थोडंच बसवतोय."

तो हे तिला धीर देण्यासाठी म्हणाला होता. दूध पिता पिता प्रेरणाची मूठ तनुजाच्या मंगळसूत्रात अडकली होती, तिनं ती एकेक बोट करून सोडवली.

इंद्रजीतचा फोन वाजला. "हां फारूखभाई, आज पंख बंद करनाच है. कहां तक आए? रुको, मैं रोड पे आताऊं." पंखाचा वरचा पत्रा चढवायला एक मित्र मदतीला येणार होता, त्याला शेडकडचं वळण सापडत नव्हतं. चप्पल ओढत इंद्रजीत दारात गेला. "तोवर पत्रा पुसून ठेव," तो मागं न बघता म्हणाला.

तनुजानं प्रेरणाला झोळीत ठेवून एक झोका दिला. पत्रा भिंतीला टेकून उभा होता, तिनं त्याला हात लावला नाही. खिळ्यावरची हॅकसॉ, धातू कापायची करवत, काढली आणि ओल्या हिरव्या रंगावर टेकवली.

पहिल्यांदा पातं घसरलं. स्पारवर लांब, पांढरा ओरखडा उठला. तो बघून तिच्याच तोंडून "आई गं" निघालं. दुसऱ्यांदा तिनं डाव्या हातानं काठ पकडला आणि जोर लावला. अॅल्युमिनियम मऊ असतं. ते चिरत गेलं. तिचा ब्लाउज दुधानं भिजला, मनगट भरून आलं, डोळ्यांतलं पाणी नाकावरून खाली पडत राहिलं. ती थांबली नाही. दारात गाडी थांबल्याचा आवाज आला तेव्हा तिनं उलट वेग वाढवला.

"अरे अरे भाभी! ये क्या कर रै आप!" दारातून फारूख ओरडला. "इंदर, पकड उन्कू!"

इंद्रजीत धावत आला. कापाकडं बघून त्याचे पाय जागीच थांबले. पातं स्पारच्या निम्म्यात गेलं होतं. त्यानं हात पुढं केला, तसं तनुजानं हॅकसॉ दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"मारा हवं तर," ती म्हणाली. "सोडणार नाही."

त्यानं मारलं नाही. हॅकसॉही ओढली नाही. मग तो पलीकडच्या बाजूला गेला, खाली बसला, आणि हलू नये म्हणून स्पार दोन्ही तळव्यांनी गच्च दाबून धरला.

"पुरता काप, तनू," तो म्हणाला. "अर्धा ठेवलास तर मी पुन्हा जोडायला बसीन."