अण्णांची किल्ली

अण्णांनी गाडीला किल्ली लावली तेव्हा बेबी जेमतेम फाटकात पोहोचली होती, आणि तिची लेक ठकी अण्णांच्या शेजारच्या सीटवर बसली होती.

बेबी कोपऱ्यावरून अण्णांची औषधं आणायला काय गेली, तेवढ्यात गॅरेजचा मिस्त्री गाडी आणून मोकळा झाला होता. लांबलचक नाकाची, दोनच दारांची, लालभडक गाडी अंगणात उभी होती. तोंड रस्त्याकडे, आणि तेही जरा वर उचललेलं, उडी मारायच्या बेतात असल्यासारखं. फाटक सताड उघडं. बाहेर उतार, उताराच्या तळाशी शाळा, आणि शाळा सुटायची वेळ.

एके काळी अण्णांनी अर्ध्या गावाला गाडी शिकवली होती, आपल्या लेकीला, बेबीलाही. गेल्या वर्षी मात्र बाजारात जाताना त्यांनी गाडी उलट्या बाजूने घातली. समोरून स्कूटरवर येणारी पोरगी कशीबशी कडेला पडली म्हणून वाचली. घरी आल्यावर अण्णा म्हणाले, "मला काहीच आठवत नाही." तेवढं बेबीला पुरे झालं. तिने त्यांची छोटी गाडी विकून टाकली आणि घरातली किल्ली न किल्ली, अगदी कपाटाचीसुद्धा, आपल्या पर्समध्ये टाकली. दुधाने तोंड पोळलं होतं, ती ताकही फुंकून पीत होती. तेव्हापासून अण्णा बोलता बोलता रिकामा खिसा चाचपायचे.

आणि मग त्यांना मागच्या शेडमधलं हे धूड आठवलं. तरुणपणी हौसेने घेतलेलं, किल्ली त्यातच लटकत राहिलेली. त्या गाडीचं सगळं कौतुक तिच्या भल्या मोठ्या इंजिनाचं. आता तिच्या सीटमध्ये उंदरांनी संसार मांडला होता. मिस्त्रीने येऊन दाराला लोहचुंबक लावला, तर तो चिकटेचना, घसरून खाली पडला.

"आत पत्राच नाही, ताई," तो म्हणाला. "गंजलं तिथे कुणीतरी नुसती पुट्टी थापलीय."

बेबीला हायसं वाटलं. "मग सांगा ना अण्णांना, यात काही राम नाही म्हणून."

मिस्त्रीने अण्णांकडे पाहिलं. ते बॉनेटवरची धूळ सदऱ्याच्या बाहीने पुसत होते. "राम आहे की नाही, ते गाडी कशाला हवीय त्यावर आहे," तो म्हणाला.

"चालवायला हवीय, आणखी कशाला! मिस्त्री, कुणाचा तरी जीव जाईल हो."

"अण्णांनी मला गाडी शिकवलीय, ताई. त्यांचा शब्द माझ्याच्याने मोडवणार नाही."

मिस्त्रीने गाडी नेली, आणि बेबीची झोप उडाली. रस्त्यावर कुठे इंजिन घुमलं तरी ती हातातलं काम टाकून फाटकाकडे धावायची. गाडी कधीच दुरुस्त होऊ नये म्हणून तिने देवाला साकडं घातलं. बापाचं वाईट चिंतल्यासारखं वाटून रडलीही.

आणि आज ती गाडी समोर उभी होती. आत अण्णांनी ठकीचा पट्टा नीट बसवला, आरशात पाहिलं, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. सगळं शिकवायचे तसं. औषधाची पिशवी तिथेच टाकून बेबी धावली आणि दोन्ही हात बॉनेटवर टेकून गाडीपुढे उभी राहिली. असलं धूड आपल्या हातांनी कसलं अडतंय, हे तिला कळत होतं. पण गेलीच तर आधी आपल्या अंगावरून जाऊ दे.

अण्णांनी किल्ली फिरवली. बेबीने डोळे गच्च मिटले.

"ढुर्रर्रर्र," आवाज आला.

पण हाताखालचा पत्रा थरथरला नाही. तिने डोळे उघडले. काचेमागे आजोबा आणि नात, दोघंही ओठांनी इंजिन चालवत होते. ठकीची लाळ हनुवटीवर आली होती.

अंगणातच कडेला उभा असलेला मिस्त्री पुढे झाला आणि त्याने बॉनेट उचललं. आत काही नव्हतं. इंजिनाच्या जागेतून अंगणातली माती दिसत होती आणि चाकांना लावलेले लाकडी ठोकळे.

"पहिल्याच दिवशी काढायला लावलं अण्णांनी," मिस्त्री खाली बघत म्हणाला. "पुढचं वजन गेलं, म्हणून तर नाक वर आलंय. आज ओढूनच आणली. तुम्हाला सांगायचं नाही, अशी शपथ घातली होती मला."

अण्णा दार उघडून खाली उतरले.

"त्या स्कूटरवरच्या पोरीचं तोंड मला आठवतं गं," ते म्हणाले. "रोज आठवतं. तुला सांगायची लाज वाटली."

अण्णांनी किल्ली काढून खिशात टाकली आणि खिशावर हात ठेवला.

"बेबी, ही तरी माझ्याकडे राहू देशील?"