शोधात गेलेला वेळ
"बाबा, तुमच्या शिडवाल्या टबात बसून माझी दाढी पांढरी व्हायची!" असं चिडवत टोबी क्लबातल्या सर्वांत वेगवान नौकेवर दाखल झाला. बाप ॲट्रिल वरवर फुगला, पण दुर्बिणीतून तीच देखणी नौका न्याहाळायचा. बुधवारच्या शर्यतीत तिच्या शिडाचा दांडा फिरला आणि टोबी समुद्रात फेकला गेला. त्याच शर्यतीत आपला टब घेऊन मागून येणारा ॲट्रिल शर्यत बाजूला ठेवून रात्रभर शोधत राहिला; पहाटे एकटाच अंतिम रेषा ओलांडून काउज बंदरात परतला. माणूस शोधण्यात गेलेला वेळ शर्यतीत माफ असतो. क्लबात तो हिशेब माझ्याकडे. वजाबाकी केली, तर आयुष्यभर शेवटून पहिला येणारा ॲट्रिल चक्क जिंकत होता. चौथ्या दिवशी त्याला धक्क्यावर गाठून विचारलं, "नोंदीपुरतं सांग, शोध थांबवलास कधी?" आपल्या टबात पिण्याचं पाणी चढवत तो म्हणाला, "कोण म्हणतं थांबवला? तेवढा धक्क्याला बांधलेला पुढचा दोर सोड." मी दोर सोडला.