सर्वांत बारीक नळी

कापडावर कार्बनच्या शाईनं छापलेला अँटेना जाड-बारीक नळ्यांवर गुंडाळायचा आणि वाकल्यावर सिग्नल किती पडतो ते वहीत लिहायचं, हे प्रयोगशाळेतल्या नानांचं काम. पण सर्वांत बारीक नळीवरही सिग्नल तसूभर पडेना, तेव्हा प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमच्या मनात पाल चुकचुकली. वाकवल्यावर कुरकुर न करणारं माणूसही सापडत नाही, मग हे चिंधीएवढं कापड कुठलं एवढं गुणाचं?

संध्याकाळी त्यांनी ती बारीक नळी गुपचूप आपल्या ड्रॉवरमध्ये टाकली आणि कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी दुपारी वहीत त्या नळीचे आकडे हजर, आणि तेही नेहमीसारखेच झकास!

"नाना, नळी कालपासून माझ्याकडे आहे," मॅडमनी ती टेबलावर आपटली. "मग आकडे काय आभाळातून पडले? बावीस वर्षांच्या नोकरीवर पाणी सोडायचंय का?"

नानांनी मान खाली घातली. "या नळीवर मोजलं की दर वेळी सिग्नल पडायचाच, मॅडम. वाटलं, माझाच हात चुकतोय. म्हणून तुमच्या प्रबंधातले याच मापाच्या नळीचे आकडे उतरवले. सात वर्षांपूर्वी इथंच केला होतात ना तुम्ही, त्यातले."

"मग तसं विचारायचं ना मला!"

 

"तेच विचारणार होतो. एवढी बारीक नळी आपल्याकडे पहिल्यांदा आली ती गेल्याच महिन्यात. तुम्ही तेव्हा कशावर मोजलं होतंत?"