अवघड शब्द

वसेकर सर रोज सकाळी कॅलेंडरच्या चौकोनात इंग्रजी शब्द लिहीत आणि पोळ्या लाटणाऱ्या बायकोला, कुमुदताईंना, अर्थ विचारत. रिस्क, लक, फिफ्टी-फिफ्टी. त्या हमखास चुकत. "तुझ्या डोक्यात काही म्हणून राहत नाही!" असं करवादत सर खाली अर्थ लिहून टाकत.

आज सरांचे रिपोर्ट पाहून डॉक्टरांनी कुमुदताईंकडे नजर टाकली आणि मुद्दाम इंग्रजीतच सांगितलं, "इव्हन विथ सर्जरी, व्हेरी स्लिम चान्स."

सर बायकोकडे वळले. "मी नक्की बरा होईन म्हणतात."

'स्लिम चान्स' मंगळवारच्या चौकोनात होता. खाली सरांच्याच अक्षरात अर्थ होता: आशा जवळजवळ नाहीच.

"देव पावला," म्हणत कुमुदताईंनी सरांच्या स्वेटरचं बटण लावलं. "अहो, उद्यापासून अवघड शब्द द्या. एकेक पाठ व्हायला वर्ष लागेल असे."